घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा

सौर वेळेवरच्या, म्हणजे सूर्याच्या स्थितीवरून मोजलेल्या वेळेवरच्या, माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, सौर स्थिरांक (वातावरणाबाहेर सूर्याकडे तोंड केलेल्या पृष्ठभागावरच्या उन्हाची सरासरी तीव्रता) 1361 की 1367 वॅट प्रति चौरस मीटर यावर मी उगाच कीस पाडला. दुसरा, घड्याळातले बारा म्हणजेच मध्यान्ह धरलं तरी चालतं, कारण वर्षभरात चुका एकमेकींना कापतात.

पहिला मान्य. तो फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. सूर्य-पृथ्वी अंतर बदलल्यामुळेच वातावरणाबाहेरची तीव्रता वर्षभरात तीनेक टक्के वरखाली होते.

दुसरा मला अजिबात पटत नाही. घड्याळाच्या वेळेवरून सौर वेळ काढायच्या दुरुस्तीचे भाग दोन आहेत. कालसमीकरण, म्हणजे सूर्य सरासरी वेळेच्या किती पुढे-मागे आहे तो फरक, फेब्रुवारीच्या मध्याला उणे 14 मिनिटं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला अधिक 16 मिनिटं असतं. कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून. वर्षाच्या सरासरीत ते जवळपास शून्यावर येतं हे खरं. पण रेखांशाची दुरुस्ती, म्हणजे प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून ठरते त्यापासून जागा दूर असल्याची, दर अंशाला 4 मिनिटं, रोज तेवढीच आणि रोज त्याच बाजूला. ती कशाने कापली जाणार?

समजा, जागा प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या 8 अंश पश्चिमेला आहे. म्हणजे 32 मिनिटं उणे. 11 फेब्रुवारीला त्यात आणखी 14 मिनिटं, एकूण 46. घड्याळात दुपारचे चार वाजतात तेव्हा सौर वेळ असते 3 वाजून 14 मिनिटं. होराकोन (मध्यान्हापासून सूर्य किती सरकला तो कोन, तासाला 15 अंश) 60 नव्हे, 48.5 अंश. पश्चिमेकडे तोंड असलेल्या उभ्या काचेवर थेट किरणांचा हिस्सा या कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतो, अक्षांश कोणताही असो. 60 अंशांना 0.866 आणि 48.5 अंशांना 0.749. त्या क्षणाचा थेट भार, म्हणजे काचेवर पडणाऱ्या थेट उन्हाचा भार, तुम्ही या कोनामुळे जवळपास 16 टक्के जास्त धरलात, आणि एसीची क्षमता नेमकी अशाच तासांवरून ठरते! दिवसाची एकूण बेरीजच हवी असेल तर वेळ सरकून काही बिघडत नाही, तिथे तुमचं बरोबर. पण सावली आणि तासागणिक भार यांत ही सूट नाही.

एक चूक मात्र माझी. पश्चिम रेखांश अधिक की उणे धरला, हे लेखातल्या कोष्टकात लिहायचं राहिलं. चिन्ह उलटं पडलं तर दुरुस्ती न करण्यापेक्षा वाईट. आजच ते घालतो.

तरी शंका राहिलीच, तर सपाट जमिनीवर ओळंब्याने तपासून एक काठी उभी करा. सकाळी सावलीच्या टोकाशी खूण करून वेळ लिहा, काठीच्या बुंध्यापासून तेवढ्याच अंतराचं वर्तुळ आखा. दुपारी टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल ती वेळही लिहा. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ म्हणजे तुमच्या जागेचं मध्यान्ह. ते बाराला येतं का, मला जरूर कळवा.