एका पायावर तयार

कुणी "येतोस का?" म्हणायचा अवकाश, मी एका पायावर तयार. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी असो की रात्री अकराला नाशिकच्या द्वारका चौकात पाहुण्यांना आणायला जाणं असो. हा वाक्प्रचार शब्दशः पाळायची वेळ सदुसष्टाव्या वर्षी आली, आणि ती पायजम्याने आणली.

उजवा पाय आत गेला, डावा नाडीत अडकला आणि मी कपाटावर आदळलो. स्वयंपाकघरातून हिने विचारलं, "अहो, काय पडलं?"

"मी."

"मग ठीक. मला वाटलं समई."

लेकाच्या वर्गातला एक मुलगा आता डॉक्टर आहे. त्याने हाडं चाचपली, शाबूत निघाली. मग म्हणाला, "काका, एका पायावर दहा सेकंद उभे राहा बघू." मी मनात हसलो. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात लंगडीचं राज्य माझं होतं. तुळशी वृंदावनापासून विहिरीपर्यंत पाय न टेकता सहा-सात गडी बाद करायचो. म्हटलं, मोज.

'चार'ला त्याच्या टेबलावरचा प्लॅस्टिकचा मणका माझ्या कुशीत होता.

डॉक्टर शांतपणे म्हणाला, की ब्राझीलमधल्या संशोधकांनी 51 ते 75 वयाच्या सतराशे लोकांची अशीच परीक्षा घेतली आणि निष्कर्ष 2022 मध्ये छापले. ज्यांना दहा सेकंद जमले नाहीत, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत दगावण्याचं प्रमाण जास्त निघालं. "म्हणजे तोल गेला म्हणून माणूस जातोच असं नाही हं, काका," असंही त्याने जोडलं. पण तोवर माझा उरलेला पायही लटपटायला लागला होता.

"अरे, पण मी रोज कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकला जातो!"

त्याने दुसरी तोफ डागली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला किमान 150 मिनिटं दमदार चालणं हवं, आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस ताकदीचे आणि तोल सावरायचे व्यायाम. 150 मिनिटं ट्रॅकवर आमची सहज होतात. त्यातली बाकावरची वजा करू नयेत, एवढीच विनंती.

घरी सराव सुरू झाला. दात घासताना एक पाय वर. पहिल्या दिवशी पेस्ट आरशाला लागली, दुसऱ्या दिवशी कानाला. डॉक्टरने सांगितलं होतं, तोल तिघं सांभाळतात: डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपाय. त्यातला कोण कामचुकार आहे ते पाहावं म्हणून मी डोळे मिटले. बादली कलंडली, मग आतून आवाज आला, "समई नाही ना?"

देवाकडे पाहून धीर येईना. विठ्ठल अठ्ठावीस युगं उभा खरा, पण दोन्ही पाय विटेवर टेकून, वर हात कमरेवर! 2015च्या सिंहस्थात तपोवनात खडेश्वरी साधू पाहिले होते. वर्षानुवर्षं न बसण्याचं व्रत. पण तेही टांगलेल्या झोपाळ्यावर रेलतात. मला रेलायला टॉवेलची दांडी. तीही आता एका स्क्रूवर आहे.

सात सेकंदांपर्यंत पोहोचलो, तेव्हा ट्रॅकवरच्या मंडळींना सांगितलं. चूक झाली. निवृत्त माणसाला स्पर्धा दिसली की त्याची शुगरसुद्धा जागेवर येते. बँकेतले जोशी (खरं आडनाव लिहिलं तर उद्या ट्रॅकवर तोंड दाखवता येणार नाही) म्हणाले, "हरेल त्याने मिसळ द्यायची." पहिल्या आठवड्यात सगळेच हरले. मिसळ सहा वेळा झाली, तीही जादा तर्री घालून. डॉक्टरला यातलं काही सांगितलेलं नाही.

डिसेंबरातली कुडकुडती सकाळ. कानटोप्या, मफलर, स्वेटर, आणि बाकापाशी आम्ही सहा जण एकमेकांच्या खांद्याला धरून, प्रत्येकाचा एक पाय अधांतरी. धावत आलेली एक मुलगी थबकली. कानातले इअरफोन काढून म्हणाली, "आजोबा, आंदोलन आहे का?"

"हो," जोशी दात आवळून म्हणाले.

"किती दिवस चालणार?"

"दहा सेकंद," मी म्हणालो, आणि आठव्याला जोशींसकट खाली बसलो.