हिवाळा येतोय म्हणे

'गेम ऑफ थ्रोन्स'चा खरा चाहता व्हायचं असेल तर सगळ्यात आधी पुस्तकं विकत घ्या. वाचायची घाई नको. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ती पाच जाडजूड पुस्तकं, पहिलं १९९६ चं आणि पाचवं २०११ चं, बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये अशी लावा की चहाला आलेल्या माणसाची नजर आधी त्यांच्यावर पडेल आणि मग गणपतीवर. एक मात्र बघा, कडा थोड्या दुमडलेल्या हव्यात. नवीकोरी दिसली तर चाहत्यांत तुमची पत उरणार नाही. मी दोन पुस्तकं आठवडाभर उशाखाली घेऊन झोपलो. मान अजून धरते, पण बेळगावच्या शहापुरात माझ्याइतका वाचलेला माणूस दुसरा नाही असा बोलबाला आहे.

मग त्याच पुस्तकांवरून काढलेली मालिका. 'गेम ऑफ थ्रोन्स' १७ एप्रिल २०११ ला सुरू झाली आणि १९ मे २०१९ ला संपली, एकूण भाग ७३. ही माहिती तुम्हाला कुणी विचारणार नाही. तरीही सांगायची. समोरचा दोन रुपये सुट्टे मागत असला तरी सांगायची.

आता मुख्य विद्या. "पुस्तकात असं नाहीये." हे तीन शब्दांचं कवच घालून बसलात की जगातला कुठलाही भाग तुमचं काही वाकडं करू शकत नाही. टिरियनला लढाईत तोंडावर वार बसतो, शेजारी बसलेला मित्र "अयाया" म्हणतो. तुम्ही नुसती मान हलवायची. "पुस्तकात त्याचं जवळजवळ अख्खं नाक जातं." आवाजात असं दुःख हवं, जणू ते नाक तुमच्या घरात पिढीजात होतं आणि मालिकावाल्यांनी ते परस्पर वाचवलं. पिवळ्या केसांची डेनेरिस पडद्यावर आली की "डोळे जांभळे पाहिजेत" म्हणून चहा खाली ठेवायचा. रॉब लग्न करतो ती मुलगी पुस्तकात जेन आहे आणि मालिकेत तलिसा. इथं सुस्कारा. आणि लेडी स्टोनहार्ट हे नाव घ्यायचं ते फक्त खिडकीबाहेर बघत. त्या बाई मालिकेत नाहीतच. कोण त्या, असं कुणी विचारलं तर "जाऊ दे" म्हणायचं. समोरच्याला वाटलं पाहिजे की याच्या आयुष्यात काहीतरी होऊन गेलंय.

हे मित्रांत चालतं. घरात आज्जी असेल तर चालत नाही.

आमच्या आज्जीनं ही मालिका इंग्रजीचं एक अक्षर न समजता पाहिली. सकाळी पेपर आला की ती आधी निधनवार्ता वाचते, त्यामुळं मालिकेचा गाभा तिला पहिल्याच दिवशी कळला. दर सोमवारी तिचा एकच प्रश्न. "आज कोण मेलं रे?" नेड स्टार्कवर तिचा जीव होता. घरचा कर्ता माणूस, कमी बोलणारा. त्याचं मुंडकं उडालं तेव्हा ती न बोलता उठली आणि डोक्यावरून आंघोळ करून आली. पुस्तक वाचलेल्यांना हे मरण १९९६ पासून माहीत होतं आणि पंधरा वर्षं त्यांनी अवाक्षर काढलं नाही, ही त्यांच्या हातून झालेली एकमेव समाजसेवा. मी नेड स्टार्कच्या घराण्याची वंशावळ तिला समजावून सांगायला बसलो तर म्हणाली, "ते असू दे. त्या पिवळ्या केसांच्या पोरीकडं लक्ष ठेव. ती गाव जाळणार." तेव्हा तिचे ड्रॅगन मांजराएवढे होते.

वेळेचं बघू. अमेरिकेत रविवारी रात्री नऊला दाखवायचे तेव्हा आपल्याकडं सोमवारचे सकाळचे साडेसहा. आता डेनेरिसच्या घराण्याची पूर्वकथा, 'हाऊस ऑफ द ड्रॅगन', २०२२ पासून आली तरी घड्याळ तेच. साडेसहा ही बेळगावात नळाला पाणी यायची, दूध उतू जायची आणि पोरांचे बूट न सापडायची वेळ. खरा चाहता यातलं काहीही ऐकत नाही. संध्याकाळी निवांत बघू, असं बायको म्हणेल. तिला कळत नाही की उद्यमबागेत पहिल्या पाळीला असलेला माझा मावसभाऊ सातपर्यंत अर्धा भाग मोबाईलवर बघून ग्रुपवर तीन रडके चेहरे टाकतो. तीन म्हणजे तीन माणसं मेली. त्यानंतर बघण्यात काय राम?

आठव्या पर्वातला तो रात्रीच्या लढाईचा भाग तुमच्या निष्ठेची कसोटी घेईल. ८२ मिनिटं. चित्रीकरणाला ५५ रात्री लागल्या म्हणतात, आणि पडद्यावरही रात्रच दिसली, बाकी फारसं काही दिसलं नाही. लाईट गेली असं वाटून मी दोनदा इन्व्हर्टर तपासून आलो. नंतर लोकांनी जगभर बोंब मारली की काही दिसलं नाही. आपण बोंब मारायची नाही. "अंधार हेच तर त्यातलं पात्र आहे" असं म्हणायचं आणि टीव्हीच्या सेटिंगमधला उजेड चोरून वाढवायचा. पुढच्याच भागात टेबलावर कॉफीचा कप राहून गेला होता, नंतर त्यांनी तो पुसून टाकला. तो कप मी पुसायच्या आत तीनदा थांबवून पाहिला. पगाराची स्लिप इतक्या बारकाईनं आजवर पाहिलेली नाही.

भाषा शिका. हे आपल्या गावात विशेष शोभून दिसतं. डेव्हिड पीटरसन नावाच्या भाषातज्ज्ञानं मालिकेसाठी दोथ्राकी भाषा व्याकरणासकट रचली, हाय व्हॅलिरियनही त्याचीच, आणि तिचा फुकट अभ्यासक्रम २०१७ पासून मोबाईलवर आहे. मी सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं बसायचो. आमच्या शेजारी अक्का राहतात. भिंतीला भिंत लागून तीस वर्षं झाली. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध, माझं कन्नड "हौद्री"च्या पुढं गेलेलं नाही. एकदा गेटमध्ये भेटल्यावर मी छाती पुढं काढून "वलार मोर्गुलिस" म्हटलं. म्हणजे, माणसाला मरण चुकत नाही. यावर समोरच्यानं "वलार दोहेरिस" म्हणायचं असतं. अक्कांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "ऊट आतेन्री?" जेवण झालं का. उपाशीपोटी माणूस असं बडबडतो असा त्यांचा समज झाला असावा, कारण संध्याकाळी त्यांनी भाकरी आणि एण्णेगाई पाठवून दिली.

घराला स्टार्कांच्या किल्ल्याचं, 'विंटरफेल' असं नाव द्यायची हुक्की येईल. द्या, पण पाटी कुठल्या लिपीत, कुठली लिपी वर, कुठली खाली आणि अक्षराची उंची किती, हे ठरल्याशिवाय पेंटरला बोलावू नका. आपल्याकडं पाटीवरून जेवढं रामायण होतं तेवढं त्या लोखंडी सिंहासनावरून झालं नाही. मालिकेतल्या त्या मुलखाला वेस्टरॉस म्हणावं की वेस्टेरोस, यावरही चाहते एकमेकांची डोकी फोडतात. ज्या गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बदलून बेळगावी झालं आणि स्वयंपाकघरात बदललं नाही, त्या गावाला यात नवीन ते काय?

स्टार्क घराण्याचं ब्रीद आहे, हिवाळा येतोय. ते छापलेला काळा टी-शर्ट चाहत्याकडं असावाच लागतो. फक्त डिसेंबरात घालू नका. बेळगावात हिवाळा येतो म्हणजे थंडी येत नाही, विधिमंडळाचं अधिवेशन येतं. २०१२ साली हलग्याच्या बाजूला सुवर्ण विधानसौध उभं राहिल्यापासून आमचे ऋतू बंगळूरहून ठरतात. हिवाळा आला की रस्त्यांचे खड्डे बुजतात, लॉज भरतात, आंदोलनाचे तंबू पडतात आणि चौकाचौकात बॅरिकेड लागतात. अशाच एका बॅरिकेडपाशी मी तो टी-शर्ट घालून स्कूटरवर पोचलो. हवालदारानं छातीवरची अक्षरं सावकाश वाचली आणि विचारलं, कुठली संघटना, मागणी काय. मी खरं ते सांगितलं, की उत्तरेकडून मेलेली माणसं चालत येणार आहेत आणि भिंतीवरचा पहारा अपुरा आहे. त्यानं वही काढली. उत्तरेकडून म्हणजे कोल्हापूरकडून का, एवढंच त्याला निश्चित करून हवं होतं.

ती भिंत. पुस्तकात सातशे फूट उंच आणि तीनशे मैल लांब, अख्खी बर्फाची. दिवाळीत आपल्याकडं गल्लोगल्ली पोरं किल्ले करतात, दगड, माती, पोती, वर पेरलेली मोहरी. खरा चाहता अशा वेळी पोरांना पोरांसारखं वागू देत नाही. मी आमच्या गल्लीतल्या पाचवी-सहावीच्या मंडळींना राजहंसगड करायचा बेत सोडायला लावला आणि थर्माकोल व कापसाची भिंत उभी केली. तीन दिवस लागले. मावळ्यांना काळ्या चिंध्यांचे झगे घातले, कारण पहारेकरी काळ्या कपड्यात असतात. शेवटी एका पोरानं महाराजांची मूर्ती हातात धरून विचारलं, "काका, महाराज कुठं बसवू?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. सातशे फुटांवर सिंहासन नसतंच. त्यानं आपल्या मनानं महाराजांना भिंतीच्या पलीकडं, उत्तरेला ठेवलं आणि म्हणाला, "मग मेलेली येणारच न्हाईत की." स्पर्धेचे परीक्षक आले, भुईकोट की गिरिदुर्ग असं विचारून गेले. रात्री वळवासारखा पाऊस पडला आणि कापसाचा बर्फ गटारीत गेला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, ते पोरांनी मला दिलं नाही.

लग्नाला जाताना तोंड आवरा. मालिकेत एक लग्न आहे, २ जून २०१३ ला दाखवलेलं, ज्यात यजमानच वऱ्हाड कापून काढतो. पाहुण्यानं घरची भाकरी आणि मीठ खाल्लं की त्याला अभय, असा त्या मुलखाचा कायदा, तो त्या रात्री मोडला. चाहत्यांना याचं केवढं अप्रूप! खाल्ल्या मिठाला जागावं हे आज्जी मला चौथीपासून सांगत होती, तेव्हा मी कान बंद ठेवले. इंग्रजीत ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. खानापूरला मामेबहिणीच्या लग्नात बँडवाल्यानं मध्येच चाल बदलली आणि हॉलचं दार वाऱ्यानं लागलं, तेव्हा मी टेबलाखाली शिरलो होतो. मांडे वाढणाऱ्या आचाऱ्यानं तेवढ्यात माझ्या पानावरचा मांडा उचलून दुसऱ्याला दिला.

शेवट आवडला नाही असंच म्हणायचं. यात सवलत नाही. शेवटचं पर्व नव्यानं बनवा म्हणून २०१९ साली पंधरा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या, त्यात माझी एक. आमच्या घराण्याचा सह्यांच्या मोहिमांत हात चांगला बसलाय. पिवळ्या केसांची पोरगी गाव जाळते हे कुठून आलं, कशाचा कशाला मेळ नाही, असं मी तावातावानं बोलत होतो. आज्जी शेंगा सोलत होती. तिला वर बघावंसंही वाटलं नाही.

"खुर्ची कुणाला मिळाली?"

"ब्रानला. तो गाडीवर बसून असायचा बघ. काहीच करत नव्हता."

"मग बरोबर आहे की," आज्जी म्हणाली. "खुर्ची तसल्यालाच मिळती."

राहता राहिलं सहावं पुस्तक. चौथं २००५ ला आलं तेव्हा पुढचं वर्षभरात येईल अशी आशा लेखकानं त्यातच छापली होती, ते यायला २०११ उजाडलं. त्यानंतर मालिका पुस्तकाच्या पुढं निघून गेली, संपली, पूर्वकथा सुरू झाली, पुस्तक लिहून व्हायचं आहे. खऱ्या चाहत्यानं शोकेसमध्ये पाचव्या पुस्तकाशेजारी चार बोटं जागा राखून ठेवावी. मी ठेवलीय. घरातले तिथं कधी कुंद्याचा डबा सरकवतात, कधी औषधं. मी रोज काढतो.

परवा ते करताना आप्पांनी पाहिलं. आप्पा कपाटातली त्यांची फाईल पुसत होते. सीमाप्रश्नाची १९५६ पासूनची कात्रणं, १९६७ चा महाजन अहवाल, आठशे चौदा गावांची यादी, सगळं सुतळीनं बांधलेलं.

"ती जागा कशाला रे?"

"सहावं पुस्तक यायचंय, आप्पा."

"कधीपासून?"

"२०११ पासून."

आप्पांनी सुतळीची गाठ पुन्हा आवळली. "आमची सुप्रीम कोर्टातली केस २००४ ची," ते म्हणाले. "तू अजून नवीन आहेस की."