मेलेल्या कीचकाची भैरवी

"मामा, तालीम अजिबात नाही," भाचा म्हणाला आणि मी तिथंच फसलो. गेली तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतोय, माझी कंबर गेली ती तालमींनीच. तालीम नाही म्हणजे ताप नाही, असा सरळ हिशेब केला. जन्म बँकेत काढला, पण इतका चुकीचा हिशेब कधी केला नव्हता.

भाच्याचा चार पोरापोरींचा कंपू आहे. हे लोक आयत्या वेळी नाटक रचतात, तेही पदांसकट. प्रेक्षकांनी शब्द टाकायचा, यांनी उभ्या उभ्या गाणं जुळवायचं. याला इम्प्रोव्ह म्हणतात. तमाशातला सोंगाड्या बतावणीत हेच करत आला, असं मी म्हटलं. तर म्हणे, "हो मामा, तेच, पण वेगळं."

विषय बाबूराव पेंटर. त्याबद्दल तक्रार नाही, कोल्हापुरात राहून ती करायची छाती कुणाची आहे? बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवायचे. फाळक्यांचा सिनेमा बघितला आणि दोघांना वेड लागलं. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. मूकपट! पुढं बोलपट आले तेव्हाही हे गृहस्थ फारसे खूश नव्हते. इतक्या कष्टानं कमावलेली दृश्याची भाषा आवाजानं बिघडेल, असं त्यांना वाटे. आणि या माणसावर संगीत नाटक.

"म्हणून तर मजा आहे, मामा."

मजा सुरू झाली. "एखादी वस्तू सांगा!" भाचा ओरडला. मागून उत्तर आलं, "कुकरची शिट्टी!" झालं, बाबूराव कुकरची शिट्टी लावून कॅमेरा बनवू लागले. भाच्यानं सूर लावला काळी दोनचा. मी तो धरतोय तोवर आनंदराव झालेली मुलगी काळी पाचला पोचली. मग बंधुप्रेमाच्या द्वंद्वगीतात दोघांनी समजूतदारपणे एकमेकांकडे सरकायला सुरुवात केली आणि काळी दोन व पांढरी तीन यांच्या बरोबर मधोमध येऊन थांबले. तिथं पेटीला पट्टीच नसते. मी बोट घालून पाहिलं.

त्यात 'कॅमेरा'ला यमक सुचेना. "कॅमेरा, माझा कॅमेरा" अशी तीन आवर्तनं झाली. यमक भात्यात अडकलंय आणि मी ते मुद्दाम सोडत नाहीये, अशा नजरेनं भाचा माझ्याकडे बघत होता. शेवटी पहिल्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "अरे, आता पुरे करा!" भाच्यानं ते वरच्यावर झेललं. "कॅमेरा, माझा कॅमेरा, आता पुरे करा!" तेच धृपद झालं. सगळी माणसं टाळ्या वाजवून म्हणू लागली. हे मात्र कबूल करायला हवं, असं यमक मला रात्रभर बसूनही सुचलं नसतं.

पण माझा घात माझ्याच माहितीनं केला. 'सैरंध्री'तला कीचकवध इतका हुबेहूब वठला होता की सेन्सॉरनं तो कापायला लावला, हे आदल्या रात्री जेवताना मीच भाच्याला सांगितलं होतं. भीम तयार होता, म्हणजे आनंदराव झालेलीच मुलगी. कीचक कुठाय? भाचा पेटीजवळ आला. "मामा, नुसतं मरायचंय."

भीमानं मला मानेला धरून उठवलं. उठताना गुडघा कडकन वाजला आणि त्याला सबंध कार्यक्रमातली सर्वांत मोठी दाद मिळाली. "हळू पडा हं काका," भीम कानात म्हणाला. मी हळू पडलो.

आणि एकदम शांतता झाली. पेटी बंद, त्यामुळं कुणाला सूरच सुरू करता येईना. भाचा नुसता हातानं कॅमेऱ्याचा दांडा फिरवत राहिला, भीम न बोलता हात धुवत राहिला, आजीसुद्धा गप्प. पाऊण मिनिट असेल. तेवढं मात्र अस्सल बाबूरावांचं होतं, आणि ते मी फरशीला गाल लावून पाहिलं.

मग भाचा कुजबुजला, "मामा, भैरवी राहिलीय."

"मी मेलोय."

"मामा, प्लीज."

मेलेला कीचक उठला, धोतर झटकलं, पेटीवर बसला. या खेपेला कुणाचीही वाट न बघता मी पांढरी एक धरली. ती एकालाही लागली नाही.