दक्षिण सुदान: निवडणुकीची तारीख नंतर, आधी शिपायाच्या पगाराचं बोला

आपल्याकडे दक्षिण सुदानचं नाव निघतं ते बहुतेक वेळा भारतीय शांतिसैनिकांमुळे. एप्रिल 2013 मध्ये जोंगलेई प्रांतात दबा धरून केलेल्या हल्ल्यात आपले पाच जवान गेले, त्याच वर्षी डिसेंबरात अकोबोच्या तळावर आणखी दोन. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या फौजेची सूत्रं लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांच्याकडे आली. एवढं रक्त आणि एवढी वर्षं जिथे आपली माणसं देत आली, त्या देशाचं नेमकं कुठे अडलंय हे आपण नीट समजून घ्यायला हवं.

डिंका आणि नुएर या तिथल्या दोन मोठ्या जमाती. ‘डिंका विरुद्ध नुएर’ एवढ्यावर विषय संपवतात, ते मला अजिबात पटत नाही. वैर आहेच. 1991 ला बोर शहरात झालेली कत्तल डिंका विसरलेले नाहीत आणि डिसेंबर 2013 मध्ये राजधानी जुबात घराघरांतून ओढून मारलेली माणसं नुएर विसरलेले नाहीत. पण वैर जुनं असलं तरी ते दर दोन-चार वर्षांनी पेटतं, ते बंदूकधाऱ्याचं पोट सरकारवर नाही तर त्याच्या कमांडरवर अवलंबून असतं म्हणून. माझ्या मते सगळी गाठ इथे आहे.

यादवी युद्ध थांबवण्यासाठी झालेला सप्टेंबर 2018 चा शांतता करार बघा. पदांची वाटणी त्यात अगदी चोख आहे: पाच उपराष्ट्राध्यक्ष, 35 मंत्री, 550 खासदार. मंत्रिपदांत राष्ट्राध्यक्ष सॅल्व्हा कीर (डिंका) यांच्या गटाला 20, त्यांचे विरोधक रिएक मचार (नुएर) यांच्या गटाला 9, उरलेली इतरांना. सरकार बसलं फेब्रुवारी 2020 मध्ये. त्याच करारात दोन्हीकडच्या सैनिकांचं मिळून एक संयुक्त दल उभारायचं कलम होतं; त्याचा आकडा पुढे 83,000 ठरला. खुर्च्या भरल्या, दल रखडलं.

का रखडलं, ते तपशिलात पाहण्यासारखं आहे. सैनिकांना आधी ठरलेल्या तळांवर जमवायचं, नोंदणी करायची, मग प्रशिक्षण केंद्रात न्यायचं, तिथे दोन्ही बाजूंची माणसं मिसळायची आणि शेवटी तैनात करायचं, असा क्रम होता. तळांवर शिधा वेळेवर पोचेना, औषधं नाहीत, पावसात डोक्यावर धड छप्पर नाही. माणसं कंटाळून घरी निघून गेली. कमांडरांनी तोवर वेगळीच चाल खेळली. जितकी माथी दाखवाल तितका हुद्दा मोठा, म्हणून नवी पोरं भरती करून तळावर पाठवली आणि खरे लढवय्ये बंदुकांसकट बाहेरच ठेवले. संयुक्त राष्ट्रांच्या 2018 पासूनच्या शस्त्रबंदीचं कारण सांगत प्रशिक्षण लाकडी बंदुकांवर झालं. पहिली तुकडी बाहेर पडली ऑगस्ट 2022 मध्ये आणि पहिली बटालियन उत्तरेकडच्या मलाकाल शहराकडे निघायला नोव्हेंबर 2023 उजाडला. त्यांनाही पगार महिनोन्‌महिने नाही.

याची किंमत ईशान्येकडच्या नासिर गावात मोजावी लागली. तिथली जुनी सरकारी तुकडी बदलायची होती. स्थानिक नुएरांची मागणी होती की संयुक्त दलाचे लोक पाठवा. येणाऱ्या कुमकेत दुसऱ्या जमातीच्या मिलिशिया आहेत, अशी त्यांना धास्ती होती. मार्च 2025 मध्ये ‘व्हाइट आर्मी’ म्हणवणाऱ्या नुएर तरुणांनी तो तळ जिंकून घेतला. अडकलेल्या सैनिकांना बाहेर काढायला आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला, त्यात एका जनरलसह अनेक जण मेले. मग या हल्ल्यामागे असल्याच्या आरोपावरून मचार नजरकैदेत, सप्टेंबरात त्यांच्यावर देशद्रोहाचा खटला. दलाचं कलम वेळेत पाळलं असतं तर नासिरला पाठवायला दोन्ही बाजूंना चालेल अशी तुकडी निदान हाताशी असती.

पैसा नव्हता, हे उत्तर अर्धंच खरं आहे. सरकारचं जवळजवळ सगळं उत्पन्न तेलाचं, आणि ते तेल सुदानमधून पाइपलाइननं लाल समुद्रावर जातं. दक्षिण सुदानचं एक प्रकारचं कच्चं तेल मेणचट असतं. पंपिंग थांबलं की ते नळीतच थिजतं. फेब्रुवारी 2024 मध्ये तसंच झालं. सुदानच्या युद्धात पंपिंग स्टेशनला डिझेल मिळेना, तेल गोठलं, पाइप फुटला आणि निर्यातीचा मोठा हिस्सा कित्येक महिने बंद पडला. हे संकट खरंच. पण तेल सुरळीत वाहत होतं तेव्हाही शिपायाचा पगार रखडतच होता. तेल काढणाऱ्या प्रांतांना 2 टक्के आणि स्थानिक लोकांना 3 टक्के देण्याचा कायदा आहे, त्या पैशाचाही हिशेब लोकांना मिळत नाही. करारात खर्चावर देखरेखीची कलमं आहेत. मदत देणाऱ्या देशांनी आपला जोर निवडणुकीच्या तारखेपेक्षा या कलमांवर लावायला हवा होता, हे मी ठामपणे म्हणेन. शिपायाचं नाव, बोटांचे ठसे आणि पगार थेट त्याच्या हातात, एवढं झालं तरी कमांडरची पकड ढिली होईल. त्याच्या यादीतले खोटे शिपाईही आपोआप गळतील.

मग काही चालतं का तिथे? चालतं, आणि ते खालून आलंय. 1999 मध्ये वुनलिट या गावी चर्चच्या पुढाकारानं नाईलच्या पश्चिम काठावरचे डिंका आणि नुएर सरदार एकत्र आले. आधी ते एकमेकांच्या मुलखात जाऊन आले, म्हणजे भरवसा बसावा. सभेसाठी झोपड्या बांधल्या, बोअर खोदल्या. पांढरा बैल कापून शपथा घेतल्या, पण त्याआधी चराई, पाणवठे आणि पळवलेल्या बायका-मुलांची परतफेड असं एकेक प्रकरण दिवसेंदिवस बोलून काढलं. गुराखी आणि शेतकरी यांच्यातला 2016 चा मरियल बाई करारही त्याच जातीचा. गुराख्यांनी गुरं घेऊन शेतकऱ्यांच्या भागात उतरण्याआधी परवानगी घ्यायची, बंदुका आणायच्या नाहीत, पीक तुडवलं तर भरपाई, आणि शेतकऱ्यानं गाय मारली तर त्याचीही भरपाई. मोडतो तोही अधूनमधून, विशेषतः गुरांच्या मागे बड्या लष्करी अधिकाऱ्यांची मालकी असते तेव्हा. गावचा सरदार जनरलला दंड कसा ठोठावणार? म्हणजे खालची शांतता टिकवायची तरी लगाम पुन्हा जुबातच लावावा लागतो.

आता निवडणूक. ती कितीही वेळा पुढे ढकलली म्हणून संतापण्याआधी व्यवहार बघा. सध्याची तारीख आहे डिसेंबर 2026. शेवटची जनगणना 2008 ची, तीही दक्षिणेनं तेव्हाच नाकारलेली. साधारण मे ते ऑक्टोबर पावसानं रस्ते चिखलात जातात, जोंगलेईच्या बऱ्याच भागात होडी किंवा विमानाशिवाय पोचता येत नाही. म्हणजे डिसेंबरच्या मतदानासाठी नोंदणी एप्रिलच्या आतच उरकायला हवी. बेंटिऊ शहराभोवती 2021 पासून पुराचं पाणी ठाण मांडून बसलंय, मातीच्या बांधांआड लाखभर विस्थापित राहताहेत. त्यांचं मत गावच्या मतदारसंघात धरायचं की छावणीच्या? मलाकालमध्ये तर हाच प्रश्न शिलुक आणि डिंका या जमातींमधल्या जमिनीच्या भांडणाशी जोडलेला आहे. नोंदणीच्या रजिस्टरात पत्ता कोणता लिहिला, त्यावरून उद्या शहर कोणाचं हे ठरेल, आणि दोन्ही बाजूंना ते पक्कं ठाऊक आहे. हा पत्त्याचा नियम संयुक्त दल तैनात होण्याआधी ठरवायला घेतला, तर पहिली गोळी मलाकालमध्येच सुटेल अशी मला भीती वाटते.