‘पार्क जनतेचा, सापडेल त्याचं’ या मेसेजला उत्तर

गेले काही आठवडे इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपांवर मेटल डिटेक्टरबद्दल, म्हणजे जमिनीत दडलेला धातू शोधणाऱ्या मशीनबद्दल, एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला. शेवटी धाकट्या मावसभावाने पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, तू हे करतोस ना? खरंय का? मी मशीन मागवू?"

मेसेज थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टरला लायसन्स लागत नाही. सार्वजनिक पार्क जनतेच्या पैशावर चालतो, तिथे कोणीही शोधू शकतो. सापडेल ते सापडणाऱ्याचं. खड्डा बुजवला की कुणाचं काही बिघडत नाही. खजिना मिळाला तर सरकार काढून घेतं, म्हणून गप्प राहा. कुणी हटकलं तर "पब्लिक प्लेस आहे" म्हणून ठणकावून सांगा. आणि सुट्टीत मशीन गावी न्या, आपल्या गडांवर तर सोनंच सोनं आहे.

मी सात वर्षं हा छंद करतोय, एका शेतकऱ्याच्या परवानगीने, त्याच्या नांगरलेल्या शेतात. या छंदावर माझा जीव आहे, म्हणूनच हा मेसेज वाचून मी अस्वस्थ झालो. भावाला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

लायसन्स लागत नाही, हे इंग्लंडपुरतं खरं आहे. पण तो प्रश्न मशीनचा झाला, जमिनीचा नाही. इथे मालक नसलेली जमीन नाही आणि मालकाला विचारल्याशिवाय शोधता येत नाही. लंडनच्या रॉयल पार्क्समध्ये, म्हणजे हाइड पार्क, रिचमंड पार्क वगैरे ठिकाणी, डिटेक्टर चालवायला बंदी आहे. नॅशनल ट्रस्ट ही ऐतिहासिक वास्तू आणि जागा जपणारी संस्था आपल्या जागांवर छंद म्हणून हे करू देत नाही. संरक्षित प्राचीन स्थळावर लेखी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणं हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. नगरपालिकांचे, म्हणजे काउन्सिलांचे, नियम सारखे नाहीत. काही परवानगी देतात, बऱ्याच देत नाहीत. म्हणून आपल्या काउन्सिलला ईमेल करून विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं. डब्लिन किंवा बेलफास्टमध्ये राहणाऱ्यांनी तर हा मेसेज पुसूनच टाकावा. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधण्यासाठी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणंच बेकायदा आहे आणि उत्तर आयर्लंडमध्ये अशा वस्तूंसाठी परवान्याशिवाय खणणं हा गुन्हा आहे.

आता ‘पार्क जनतेचा, सापडेल त्याचं’. यावर कोर्टाचा निकाल होऊन तीस वर्षं झाली. १९९२ साली सरे परगण्यातल्या फार्नहॅम पार्कमध्ये एका माणसाला डिटेक्टरने मध्ययुगीन सोन्याचा ब्रोच (कपड्याला लावायची शोभेची पिन) सापडला, जमिनीखाली साधारण नऊ इंचांवर. हा पार्क म्हणजे फार्नहॅमच्या किल्ल्याचं, विंचेस्टरच्या बिशपांचं, जुनं हरणांचं कुरण. त्या माणसाने लपवाछपवी केली नाही, सरळ कळवलं. तेव्हाच्या कायद्याच्या व्याख्येत ब्रोच ‘खजिना’ बसेना, म्हणून तो त्याला परत मिळाला. मग पार्कची मालक असलेली वेव्हर्ली काउन्सिल कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने सापडणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. १९९५ साली अपील कोर्टाने तो फिरवला आणि ब्रोच काउन्सिलचा ठरला.

कोर्टाने काय म्हटलं ते नीट समजून घ्या. वस्तू जमिनीच्या वर मोकळी पडलेली असेल तर सापडणाऱ्याची बाजू बरीच भक्कम असते. पण ती जमिनीत असेल किंवा जमिनीला चिकटलेली असेल, तर सापडणाऱ्यापेक्षा जमीनमालकाचा हक्क मोठा. लोकांना पार्कात येण्याचा हक्क आहे तो फिरण्याखेळण्यासाठी. खणून वस्तू काढणं त्यात येत नाही. ते करू लागलात की तुम्ही तिथे हक्काने आलेले राहत नाही, अतिक्रमण करणारे ठरता.

आपल्याकडचं गायरान आठवा. सगळ्या गावाची गुरं तिथे चरतात, कोणी कोणाला विचारत नाही. पण त्याच गायरानातून कोणी मुरूम उपसून ट्रॉली भरली तर तलाठी दारात येतो. "गायरान गावाचं आहे आणि मी गावचा आहे" हे त्याला सांगून चालत नाही. गावाचं आहे, म्हणूनच एकट्याने उपसायचं नाही.

वर पडलेल्या वस्तूंबद्दलही ‘सापडेल त्याचं’ हे अर्धवट आहे. गेल्या आठवड्यात कुणाच्या बोटातून गळलेली अंगठी ही हरवलेली वस्तू आहे आणि तिला मालक आहे. १९६८ च्या चोरीविषयक कायद्याप्रमाणे, वाजवी प्रयत्न केले तर मालक सापडू शकेल असं माहीत असूनही वस्तू खिशात घातली, तर ती चोरी होऊ शकते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका ताईंच्या मंगळसूत्राची एक वाटी पार्कात पडली. मुलाच्या वाढदिवसाची सहल होती, धावपळीत दोरा तुटला. त्यांनी मला बोलावलं, पण मी आधी पार्कच्या ऑफिसला लिहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: एवढ्याच तुकड्यात, एक तास, खणायचं नाही. चाळीस मिनिटांत वाटी मिळाली, गवताच्या मुळाशी, दोन बोटंसुद्धा खोल नाही. त्याआधी थंड पेयांच्या डब्यांच्या अकरा कड्या निघाल्या होत्या, कारण मशीनला कडी आणि सोनं जवळपास सारखंच ऐकू येतं. पार्कचा माणूस शेजारी उभा होता आणि ताईंच्या इतकाच खूश झाला. परवानगी मागितल्याने काम अडलं नाही. उलट वाटी कुठे पडली असेल ते त्यानेच अचूक सांगितलं, कारण त्या दिवशी सतरंज्या कुठे अंथरल्या होत्या ते त्याला आठवत होतं.

‘खड्डा बुजवला की झालं.’ याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. एक तर खड्डा बुजवणं हेच कसबाचं काम आहे. गवत तिन्ही बाजूंनी घोड्याच्या नालेसारखं कापायचं, चौथी बाजू मुळांसकट तशीच ठेवायची, झाकण उघडावं तसं उचलायचं, माती कापडावर काढायची, सगळी परत भरायची आणि पायाने दाबायची. हे न करता बाहेर काढलेली गवताची चकती उन्हाळ्यात चार दिवसांत पिवळी पडते आणि मैदानभर डाग दिसतात. कोरड्या दिवसांत तर नीट कापूनही गवत जगत नाही. आमच्या भागातल्या एका फुटबॉलच्या मैदानावर कोणीतरी रात्रीतून असे खड्डे करून अर्धवट बुजवले. शनिवारी सामन्यात एका दहा वर्षांच्या मुलाचा पाय त्यात मुरगळला. त्यानंतर तिथे रीतसर परवानगी घेऊन जाणाऱ्या तिघांचीही परवानगी गेली. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच सोसावं लागलं असतं, म्हणून हा राग माझ्या मनातून जात नाही.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. नांगरलेल्या शेतात वरची माती शेकडो वेळा उलटलेली असते, तिथली वस्तू आधीच जागची हललेली असते. जुन्या पार्कात तसं नसतं. बरेच पार्क म्हणजे जुन्या जहागिरींची कुरणं, कित्येकांवर पिढ्यान्‌पिढ्या नांगर चाललेला नाही. तिथलं नाणं पडलं तिथेच असू शकतं आणि त्याच्या आजूबाजूच्या मातीचा रंग, राख, खापरं हे सगळं मिळून ते नाणं काय सांगतं ते ठरतं. इंग्लंड आणि वेल्सच्या जबाबदार डिटेक्टिंगच्या आचारसंहितेत म्हणूनच म्हटलंय की शक्यतो आधीच उलटलेल्या जमिनीत आणि नांगराच्या खोलीपर्यंतच शोधा. शिवाय दुसऱ्या महायुद्धातला दारूगोळा अजूनही इथल्या जमिनीत आहे. संशयास्पद काही दिसलं तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं आणि ९९९ ला फोन करायचा.

आणखी एक गोष्ट मला इथल्या एका आजींनी शिकवली. पार्कातल्या स्मृतीच्या बाकांजवळ, कुणाच्या आठवणीत लावलेल्या झाडांखाली, लोक आपल्या माणसाची रक्षा विसर्जित करतात, कधी एखादी छोटी वस्तू पुरतात. परवानगी असली तरी तिथे मशीन न्यायचं नाही.

‘खजिना सरकार काढून घेतं.’ हे साफ चूक आहे आणि यातलं ‘गप्प राहा’ माणसाला तुरुंगात नेऊ शकतं. १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे ढोबळमानाने ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, तसंच एकत्र सापडलेली जुनी नाणी, ‘ट्रेझर’ ठरतात. १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा वस्तूंची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. एखाद्या संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर स्वतंत्र समिती बाजारभावाने किंमत ठरवते आणि ती रक्कम सहसा सापडणारा व जमीनमालक यांच्यात वाटली जाते. कुणालाच नको असेल तर वस्तू परत मिळते. २००९ मध्ये सापडलेल्या स्टॅफर्डशायरच्या सुवर्णसंचाची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि ती सापडणारा व शेतकरी यांना मिळाली. मात्र विनापरवानगी घुसून शोधणाऱ्याचा वाटा कमी होतो, शून्यही होऊ शकतो.

गप्प राहिलेल्यांचं काय झालं? २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये लेमस्टरजवळ दोघांना वायकिंग काळातला ठेवा सापडला. सोन्याचे दागिने आणि अंदाजे ३०० चांदीची नाणी. त्यांनी कळवलं नाही, शेतमालकालाही सांगितलं नाही, नाणी गुपचूप विकायला काढली. २०१९ मध्ये त्यांना अनेक वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. पण मला तुरुंगवासापेक्षा नाण्यांचं दुःख जास्त आहे. त्यातल्या काहींवर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले आहेत. वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा चेओलवुल्फ, तेव्हाच्या इंग्लंडमधल्या दोन शेजारी राज्यांचे राजे, या दोघांच्याही नावाने अशी नाणी पाडली होती. वेसेक्सच्या बखरीने या चेओलवुल्फला मूर्ख आणि परक्यांच्या हातचं बाहुलं ठरवलं होतं. नाणी सांगतात की तो आल्फ्रेडच्या बरोबरीचा मित्र होता. हजार वर्षांपूर्वी जेत्याने लिहिलेली गोष्ट ही नाणी दुरुस्त करत होती, आणि खटल्यापर्यंत त्यातली जेमतेम तीसेकच हाती लागली. बाकीच्यांपैकी बहुतेकांचा पत्ता नाही.

हटकणाऱ्याला ठणकावण्याबद्दल फार लिहीत नाही. कोणी जवळ आलं की हेडफोन काढावा, मशीन बंद करावं, परवानगीचं पत्र दाखवावं, लहान मूल असेल तर सापडलेलं नाणं त्याच्या हातावर ठेवावं. पार्कच्या माणसाने निघायला सांगितलं तर निघावं, वाद पत्राने घालावा. आपल्या रंगाचा माणूस संध्याकाळी पार्कात जमीन उकरताना दिसला की लोक जरा जास्तच बघतात, हे मी अनुभवलंय. अशा वेळी खिशातलं ते पत्रच आपल्या बाजूने बोलतं.

आता गडांचं. हा भाग वाचून माझा हात कापला. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित गडावर परवानगीशिवाय उकरलंत तर १९५८ चा केंद्राचा किंवा १९६० चा राज्याचा स्मारक कायदा लागतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं बॅगेत घालून इंग्लंडला आणलंत तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली तो निर्यातीचा गुन्हा. म्हणजे एका शिवराईपायी तीन कायदे.

आणि सोनं कुठलं? १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला, तिथला खजिना तेव्हाच गेला. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी वाडे जळाले, उरलंसुरलं तेही घेऊन गेले. आज मशीन बोलेल ते खिळ्यांवर, शिशाच्या गोळ्यांवर, नालांच्या तुकड्यांवर, आणि त्याहून जास्त ट्रेकर्सनी टाकलेल्या डब्यांवर आणि बाटल्यांच्या झाकणांवर. २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी सोन्याच्या अफवेने लोकांनी रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणली. नुकसान ज्याचं व्हायचं त्याचं झालं, त्या शेतकऱ्यांचं.

त्याच वर्षी आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिथल्या मातीतली एक शिवराई बाजारपेठेत मिळाली की सदरेत, जळक्या थरात मिळाली की त्याच्या वर, यावरून त्या जागेचा काळ कळतो. ती उचलून खिशात घातली की हातात फक्त तांबं उरतं. पावसाने वर आलेलं नाणं दिसलंच, तर हलवू नका. फोटो काढा, जागा नेमकी टिपा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा तहसील कार्यालयाला कळवा.

भावाने मशीन मागवलेलं नाही. पुढच्या रविवारी तो माझ्याबरोबर शेतावर येतोय. शेतकऱ्याला मी काल फोन करून विचारलं. तो हो म्हणाला, फक्त मेंढ्यांचं फाटक जाताना लावून घ्यायला सांगितलंय.