तब्येत सुधारली म्हणजे नक्की काय झालं?

परवा एका लग्नात लांबच्या मावशी भेटल्या. हळदीचं ताट हातात, मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तब्येत चांगलीच सुधारली की गं तुझी!" शेजारी माझा दादा उभा होता, त्याच्याकडे वळून, "ह्याची मात्र उतरलीय, घरात जेवायला घालतात का नाही रे?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो कारण माझी तब्येत खरंच सुधारलीये आणि ते मावशींना दिसतंय त्याच्याशी काही संबंध नसताना सुधारलीये. दादाची पण. तिथे डीजेच्या आवाजात हे सगळं सांगणं शक्य नव्हतं म्हणून इथे लिहितेय, मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

हा 'तब्येत' शब्दच बघा ना आपला. पैलवान तब्येत कमावतो, बाळंतीण माहेराहून तब्येत करून येते, आजारी माणसाची तब्येत उतरते आणि माझ्यासारखीची 'सुधारते', म्हणजे टोमणा. आरोग्य आणि आकार, दोन्हीला एकच शब्द. त्यामुळे आपल्याला वाटतं की माणूस नुसता बघून त्याच्या आतलं कळतं. मी मूळची कोल्हापूरची, तालमीच्या गावची, आमच्याकडे तर तब्येत म्हणजे डोळ्यात भरली पाहिजे. आणि कराडजवळच्या ज्या खाशाबा जाधवांनी कोल्हापुरात कुस्ती केली आणि 1952 ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल आणलं ते 57 किलोच्या गटात खेळले होते, हे आमच्याच गल्लीतल्या किती जणांना माहिती असेल देव जाणे. आज रस्त्यात दिसले असते तर ह्याच मावशी म्हणाल्या असत्या, जेवायला घालतात का नाही.

माझ्या वजनाची पहिली आठवण कोल्हापूर स्टेशनची आहे. 1993, मे महिना, मामाकडे मुंबईला निघालेलो, महालक्ष्मी सुटायला वेळ होता. प्लॅटफॉर्मवर ते वजनाचं मशीन असायचं आठवतंय का, लाल-पिवळे लाइट फिरायचे, नाणं टाकलं की खडखड करत जाड पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, त्यावर वजन आणि सोबत भविष्य. दादा चढला, 14 वर्षांचा, 38 किलो. मग मी, 12 वर्षांची, 51. माझ्या तिकिटावर परदेशगमनाचा योग लिहिला होता (अजून नाही आला) पण ते कुणी वाचलंच नाही, दादाने "एक्कावन्न!" असं ओरडून अख्ख्या प्लॅटफॉर्मला सांगितलं आणि बाबा हसले, आणि आईने मात्र तिकीट पटकन माझ्या हातातून घेऊन पर्समध्ये टाकलं. ते पर्समध्ये टाकणं मला जास्त लागलं. हसणं परवडलं असतं.

त्या गाडीत आईने डब्यातल्या पुरणपोळ्या काढल्या तेव्हा दादाला तीन आणि मला एक. त्याच्या अंगाला लागत नाही ना, म्हणून त्याला जास्त. हेच गणित पुढची वीस वर्षं. त्याला तूप, त्याला लाडू, त्याला "अजून एक घे रे", आणि मला "बास आता". पुढे लग्नाच्या वेळी आईने माझ्या बायोडाट्याला फक्त मानेपर्यंतचा फोटो लावला. चेहरा सुंदर आहे ना तुझा, म्हणाली. तीन ठिकाणांहून निरोप आला, फुल फोटो पाठवा. आता हसू येतं पण तेव्हा मी तो फुल फोटो काढायला ओढणी कशी घ्यायची ह्याची आरशासमोर प्रॅक्टिस केली होती.

आता दादाची गोष्ट. ह्या माणसाने आयुष्यात कधी खाण्यापिण्याचा विचार केला नाही कारण त्याला कुणी करायला सांगितलाच नाही. पाच फूट सात इंच उंची, 58 किलो. 39व्या वर्षी कंपनीचं फुकट चेकअप होतं, सगळे जातायत म्हणून गेला, आणि एचबीएवनसी आलं 9.2. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी टेस्ट ती, 6.5 किंवा वर गेलं की डायबेटिस. ह्याने लॅबला फोन करून भांडण केलं की रिपोर्ट बदलला गेलाय. परत केली, 9.1. घरात सगळ्यांचं एकच, "ह्याला कशी शुगर? हा तर काडी!" आणि मग सगळ्यांची नजर माझ्याकडे, म्हणजे ह्याला आहे तर हिला किती असेल. माझं 5.5 आलं. आईला अजून पटलेलं नाही.

त्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक काम केलं, टेप काढली, साधी शिंप्याकडे असते ती, आणि बेंबीपाशी पोट मोजलं. 36 इंच. दादा म्हणे शक्यच नाही, माझी पँट 32ची आहे. त्या म्हणाल्या, हो, पण तुम्ही ती पोटाच्या खाली बांधता. (हे वाचणाऱ्या सगळ्या पुरुषांनी आत्ता खाली बघितलंय मला माहितीये.) भारतीय पुरुषांना 90 सेंटीमीटरची हद्द सांगतात, बायकांना 80, आणि हा 91. बारीक हातपाय आणि मधे मडकं बांधल्यासारखं पोट, आम्ही तर त्याला सुखवस्तू पोट म्हणून चिडवायचो, लाडाने. ती लिव्हरभोवतीची, आतड्याभोवतीची चरबी होती.

आणि गंमत बघा, ह्यातलं बरंचसं शोधलेलं आहे आपल्याच पुण्यात. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. 2004 मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' ह्या डॉक्टरी नियतकालिकात एक फोटो छापला, एक ते स्वतः आणि शेजारी त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (वजन आणि उंचीचं गणित, पुढे सांगते) अगदी सेम, 22.3, म्हणजे कागदावर दोघंही फिट. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2. सोबत विनोद पण केलाय की एक मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोचायला पळणं. मला ह्या माणसाबद्दल फार आदर वाटतो, स्वतःचं पोट जगाला दाखवून मुद्दा सांगायला धमक लागते. त्यांच्याच टीमने पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या नवजात बाळांचा अभ्यास केला, सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन, पण ह्या हडकुळ्या बाळांच्या अंगावर स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी टिकून असलेली. आईच्या पोटात असल्यापासून जुळवाजुळव करून वाढलेलं शरीर. आणि आपण त्याच पोराला मोठेपणी म्हणतो, तू खा रे, तुला काय होतंय.

बीएमआयबद्दल पण सांगते कारण जिममधली पोरं तो गीतेसारखा म्हणून दाखवतात. वजन भागिले उंचीचा वर्ग, हे सूत्र काढणारे केतले हे बेल्जियमचे खगोल आणि स्टॅटिस्टिक्सवाले गृहस्थ, एकोणिसाव्या शतकातले, त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो ते बघायचं होतं. डॉक्टर नव्हेतच. हजारो लोकांचा अंदाज घ्यायला ते बरं आहे, पण तुमच्या एकट्याच्या आत चरबी कुठे बसलीये, स्नायू किती आहेत, रक्तात काय चाललंय, ते त्याला कळत नाही.

रक्तावरून माझ्याकडे येऊ.

साधारण 2021 पासून मला जिना चढताना धाप लागायला लागली. दुसरा मजला, लिफ्ट आहे पण ती बंद असते, पुण्यातली सोसायटी आहे. आणि अजून एक विचित्र सवय लागली, बर्फ खायची. रात्री सगळे झोपले की फ्रीजमधला ट्रे काढून मी ओट्यापाशी उभी राहून कडाकडा बर्फ चावायची, एक ट्रे संपला की परत भरून ठेवायची म्हणजे सकाळी कुणाला कळायला नको. लेकीला आवाज यायचा, ती म्हणायची आई उंदीर आहे किचनमध्ये. मला वाटायचं ही माझी खायची हाव, आता बर्फावर पण ताबा नाही हिचा. लाज वाटायची म्हणून डॉक्टरांना हे सांगितलंच नाही.

धाप लागते हे मात्र सांगितलं. एक डॉक्टर होते, नाव घेत नाही, मी केबिनमध्ये शिरले तर खुर्चीवर बसायच्या आत म्हणाले, "वजन किती?" मी म्हणलं 78. "उंची?" पाच दोन. "मग धाप लागणारच ना मॅडम, आधी दहा किलो कमी करा मग बघू." चारशे रुपये फी, टेस्ट एक नाही. मला राग पण आला नाही हो, हेच वाईट वाटतं आता. मला ते पटलं होतं. मी घरी आले आणि रात्रीचं जेवण बंद केलं, दोन महिने, त्यात पाळी इतकी जायची की ऑफिसला काळा पंजाबी ड्रेस सोडून दुसरं काही घालायची सोय नव्हती, आणि मी लिंबूपाणी पिऊन चक्कर येत फिरत होते आणि बायका म्हणत होत्या चेहरा उतरलाय, बारीक होतेयस, छान!

मग सोसायटीच्या गणपतीत रक्तदान शिबिर होतं. मी गेले कारण रक्त द्यायला तरी आपल्यासारखं भरपूर अंग उपयोगी पडेल असं मनात होतं, खरंच. तिथे आधी बोटाला टोचतात आणि रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात, मोरचुदाचं पाणी असतं ते. रक्त चांगलं असेल तर थेंब जड असतो, सरळ तळाला जातो. माझ्या पुढच्या काकांचा गेला, टुपकन. माझा थेंब थोडा खाली गेला, थांबला आणि वर येऊन तरंगायला लागला. त्या मुलाने परत टोचलं. परत तरंगला. तो हळूच म्हणाला, "ताई, तुमचं नाही घेता येणार, हिमोग्लोबिन कमी आहे." आणि मागून आमच्या सेक्रेटरी काकांचा मांडवभर आवाज, "काय सांगतोस! एवढ्या धष्टपुष्ट बाईंचं रक्त चालत नाही?"

दुसऱ्या दिवशी टेस्ट केली. 7.6. बाईमाणसाचं किमान 12 पाहिजे. सोनोग्राफीत फायब्रॉइड निघाले, म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, त्यामुळे पाळी तशी. नवीन डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सहज विचारलं, "बर्फ खावासा वाटतो का? किंवा माती, खडू, कच्चे तांदूळ?" मी रडायलाच लागले तिथे. लोह कमी झालं की होतं असं, त्याला नाव आहे, माझ्याआधी लाखो बायकांना झालंय. शिरेतून लोहाची इंजेक्शनं घेतली आणि दोन-तीन आठवड्यात ट्रेमधला बर्फ तसाच राहायला लागला. सरकारच्या 2019-21 च्या पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका ॲनिमिक निघाल्या, म्हणजे दोघीत एकीहून जास्त, आणि त्यात जाड-बारीक सगळ्या असणार, पण जाड बाईला ॲनिमिया असेल असं कुणाच्या मनातच येत नाही कारण ती 'खात्यापित्या घरची' दिसते.

आता कुणी म्हणेल म्हणजे वजनाचं काही नसतंच का. असतं हो. माझी कंबर पण 38 इंच आहे, ती काय मावशींच्या सांगण्यावरून नाही, त्याच टेपने मोजलीये. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी म्हणतात, माझं ते गणित बसत नाही. बीपी मधे 140 ला टेकून आलं, डावा गुडघा जिन्यावर बोलतो. इन्स्टावर 'प्रत्येक शरीर निरोगी आहे' वगैरे लिहिणाऱ्या पोरी बघितल्या की मला वाटतं बाळांनो रिपोर्ट काढा एकदा. आणि ते रोज सकाळी उठून शरीरावर प्रेम करा, तेही मला जमत नाही, गुडघ्यावर कोण प्रेम करणार. पण मी शरीराशी बोलणं टाकलं होतं ना वीस-पंचवीस वर्षं, भाऊबंदकीत टाकतात तसं, ते सोडलं. आधी मी शरीराकडे बघायचेच नाही, आरसा फक्त मानेपर्यंत, बायोडाट्यासारखा. डॉक्टरकडे जायचे नाही कारण तिथे वजनकाटा असतो. मॅमोग्राफी पुढे ढकलायची, का तर कपडे काढायला लागतात. ज्या लाजेने मी बारीक होईन असं सगळ्यांना वाटत होतं त्या लाजेने मला फक्त तपासणीपासून लांब ठेवलं, वजन तर इंचभर हललं नाही.

सध्या मी आठवड्यातून चार दिवस पर्वती चढते, वरती पोचल्यावर एक चिक्की खाते, त्यावरून बोलू नये. दोन दिवस डंबेल्स, पाण्याच्या बाटल्यांपासून सुरुवात केली. वजन दोन किलोने वाढलंय. जिना मात्र बोलत बोलत चढते आणि बीपी 126 वर आहे. दादा पण डंबेल्स मारतो, त्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या तुम्हाला वजन कमी करायचं नाहीये, मांड्या बनवायच्यात, तर ह्या वयात स्क्वॉट्स मारताना व्हिडिओ पाठवतो फॅमिली ग्रुपवर. पोट 34 वर आलंय, एचबीएवनसी 6.9. गोळ्या चालूच. दिवाळीला आईने त्याच्या ताटात दोन करंज्या वाढल्या, मग थांबली, एक उचलली आणि माझ्या ताटात ठेवली. काही बोलली नाही. मी पण नाही बोलले, खाल्ली.

ह्या गणपतीत परत शिबिर होतं. माझ्या डॉक्टरांनी अजून वर्षभर रक्त द्यायचं नाही असं सांगितलंय, तरी गेले, त्या मुलाला म्हणलं घ्यायचं नाहीये, नुसता थेंब सोडून दाखव. त्याला आठवत पण नव्हते मी. टोचलं, सोडला. सरळ तळाला गेला, मधे कुठे थांबलासुद्धा नाही. मी वाकून बघतच बसले तर मागे रांगेतली लोकं चुकचुकायला लागली. सेक्रेटरी काकांनी विचारलं, "काय वहिनी, ह्या वेळी तरी चाललं का?" म्हणलं चाललं की, आणि रक्त न देताच कॉफी आणि बिस्किटांचा पुडा घेऊन घरी आले, जिन्याने. लिफ्ट बंद होती.