ओसाड कोणी ठरवली?

टेकड्यांवर बीजगोळे, म्हणजे बिया घालून वळलेले मातीचे गोळे, टाकण्याच्या मोहिमेची बातमी सर्वांनी वाचलेलीच होती. दिलीप मात्र कॉसमॉस या पिवळ्या फुलझाडाच्या बियांची पिशवी घेऊनच कट्ट्यावर आला आणि टेकडीचा ओसाड माळ यंदा पिवळाधमक करून दाखवण्याची घोषणा करून, छायाचित्रासाठी कोणी कुठे उभे राहायचे, हेही सांगू लागला.

"ओसाड कोणी ठरवली?" शुभदाताईंनी विचारले. "तू मे महिन्यात पाहिलीस म्हणून? पाऊस पडला की तिथे गवत, तेरडा, कुर्डू, कळलावी असे सारे उगवते, कारण त्यांचे बी आणि कंद आत्ताही त्याच मातीत आहेत. मेक्सिकोकडचा कॉसमॉस एकदा रुजला की आपले बी आपणच टाकत पसरतो. घाणेरीसुद्धा 1809 मध्ये कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठीच आणली होती. आज ती जंगलातून काढता काढता लोक थकले आहेत."

"पण कॉसमॉसवर फुलपाखरे येतात!" दिलीप म्हणाला.

"येतात, मध पितात आणि जातात. बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळीला रुईचा पाला लागतो, आणि ती रुई तर तू झुडूप म्हणून तोडायला निघालास."

यावर अण्णांना जुनी गोष्ट आठवली. लवकर वाढते म्हणून याच दिलीपने गिरिपुष्पाच्या, म्हणजे ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या, काठ्या टेकडीवर रोवल्या होत्या आणि पाण्याचे कॅन आम्हा सर्वांना वाहायला लावले होते. "माझी कंबर अजून दुखते," अण्णा म्हणाले.

"मग काहीच करायचे नाही का?" हा धनंजयचा प्रश्न मला रास्त वाटला आणि ताईंचे उत्तर त्याहून मोलाचे. चांगल्या माळाला हात लावायचा नाही. नाल्याकाठी राडारोडा टाकून बिघडवलेला तुकडा तेवढा निवडायचा. जागेच्या मालकाची किंवा वनखात्याची परवानगी घ्यायची, एक पावसाळा तिथे काय उगवते ते पाहायचे, गाजरगवत फुलण्याआधी उपटायचे आणि मगच, आजूबाजूला विपुल असलेल्या तेरड्या-कुर्डूचे थोडे बी, बाकीचे झाडावरच ठेवून, तिथे पेरायचे. यात छायाचित्रासारखे काही नाही, परंतु टेकडीवर खरे प्रेम असणाऱ्याने एवढा धीर धरलाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

"आणि या पिशवीचे काय करू?" दिलीपने विचारले.

"गच्चीवरच्या कुंडीत लाव आणि बी धरण्याआधी फुले खुडत जा," ताई म्हणाल्या.

"त्याची काळजी नको," अण्णा म्हणाले, "त्याच्या कुंडीत आजवर तुळससुद्धा टिकलेली नाही." दिलीपसकट सगळे इतके हसलो की चहावाल्याने न सांगताच दुसरी फेरी आणली.